पंखांच्या दारांचं वजन कोण उचलतं?

जुन्या मोटारीचं वर उघडणारं दार डोक्यावर येऊ लागलं की मालक पहिला आरोप स्ट्रटवर ठेवतो. डिकीला असतो तसाच हा नळकांडं आणि चकचकीत दांडा असलेला तुकडा. नवी जोडी मागवली, बसवली, दार पुन्हा झोकात वर गेलं. सहा महिन्यांनी छताच्या पत्र्याला बिजागराजवळ चीर दिसते, आणि ती कुठून आली ते कुणालाच कळत नाही. बऱ्याचदा ती त्या नव्या स्ट्रटमुळेच आलेली असते.

कुरव पक्ष्याच्या पसरलेल्या पंखांसारखी ही दारं प्रसिद्ध झाली ती १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये मांडलेल्या मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलमुळे. ती नुसती हौस नव्हती. गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांच्या त्रिकोणांचा होता आणि त्याला मजबुती यावी म्हणून दोन्ही बाजूंच्या नळ्या बऱ्याच उंच घेतल्या होत्या. एवढा उंच उंबरठा असताना नेहमीचं दार बसणार कुठे? मग बिजागर छतावर गेलं आणि दार वर. फ्रेंच लोक या दारांना फुलपाखराची दारं म्हणतात, आणि मला तेच नाव जास्त आवडतं.

दार वर न्यायचं म्हटलं की वजनाचा प्रश्न आलाच. दाराचं वजन २५ किलो धरा आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरापासून ६० सेंटिमीटरवर. दार आडवं असताना बिजागराभोवतीचं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, साधारण १४७ न्यूटन-मीटर भरतं. स्ट्रटची रेषा बिजागरापासून जेमतेम १० सेंटिमीटरवरून जात असेल, तर एकट्या स्ट्रटला १,४७० न्यूटन लावावे लागतील. म्हणजे दीडशे किलोचं ओझं पेलण्याइतका जोर, तोही पातळ पत्र्यात बसवलेल्या एका छोट्या गोळ्यावर, ज्यावर स्ट्रटचं टोक अडकवलेलं असतं. पत्रा का फाटतो ते इथेच कळतं.

दार बंद असताना तर स्ट्रटची रेषा बिजागराच्या आणखी जवळ येते. जोर भरपूर, पण तरफेचा हात तोकडा. म्हणून बहुतेक दारं पहिल्या वीतभर अंतरात जड लागतात आणि नंतर आपोआप उचलली जातात.

ही पहिली वीत सोपी करण्याची एक युक्ती १९८१ ते १९८३ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये बनलेल्या डिलोरियन मोटारीच्या दारात आहे. तिथे मुख्य भार टॉर्शन बारवर, म्हणजे पीळ दिलेल्या पोलादी सळईवर असतो. दार बंद असताना पीळ सर्वांत जास्त, म्हणून मदतही तेव्हाच सर्वांत जास्त. दार वर जाईल तसा पीळ सुटत जातो आणि स्ट्रटचा हात लांबत जातो. हे बार विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत, उणे १९६ अंशांजवळ, पिळून घेतले होते. गंमत म्हणजे त्याच दाराच्या स्ट्रटमध्येही नायट्रोजनच भरलेला असतो, फक्त वायुरूपात.

स्ट्रट आतून साधा आहे. बंद नळकांड्यात दाबाखालचा नायट्रोजन, थोडं तेल, आणि बारीक भोक असलेला दट्ट्या. भोकामुळे दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच राहतो. मग दांडा बाहेर का ढकलला जातो? कारण एका बाजूला दट्ट्याचा पृष्ठभाग दांड्याच्या जाडीएवढा कमी असतो. म्हणून जोर ठरतो तो दांड्याच्या छेदावर. ८ मिलिमीटरच्या दांड्याने ४०० न्यूटन द्यायचे, तर आत सुमारे ८० बार (इथे बार हे दाबाचं एकक) दाब हवा, म्हणजे गाडीच्या टायरच्या तिसेक पट. साधी हवा भरत नाहीत, कारण हवेतला ऑक्सिजन तेलाशी इतक्या दाबाखाली गुण्यागोविंदाने राहत नाही.

वायू थंडीत आकसतो, दाब उतरतो. तापमान २० अंशांवरून शून्यावर आलं की जोर जवळजवळ ७ टक्क्यांनी घटतो. वरच्याच दाराला दोन स्ट्रट मिळून १५५ न्यूटन-मीटर देत असतील, तर गरजेपेक्षा शिल्लक फक्त ८. थंडीत ११ जातात आणि दार खाली येतं. दुपारी तेच दार ठणठणीत! म्हणून स्ट्रटची परीक्षा पहाटे घ्यावी.

स्ट्रटला हात लावण्याआधी बिजागरं, दाराच्या फटी आणि रबर पाहून घ्यावं. मग दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं. ती बुजली की दारात पाणी साचतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. कुणी हौसेने मोठे स्पीकर बसवले असतील तर तेही वजनच. यानंतर टॉर्शन बार. स्ट्रट काढून दार हाताने वरखाली करून पाहिलं की बारमध्ये किती दम उरलाय ते कळतं. पीळ कमीजास्त करण्यासाठी बारच्या टोकाचे दाते सरकवायचं काम मात्र योग्य अवजार आणि माहीतगार माणूस असल्याशिवाय करू नये. तो पीळ एका झटक्यात सुटला तर मनगट मोडू शकतं. थकलेल्या बारची कसर जास्त न्यूटनचा स्ट्रट लावून भरून काढणं हा सर्वांत वाईट उपाय. स्ट्रट दाराच्या एकाच कडेला असला तर दारच पिळवटतं.

स्ट्रट काढताना आधी दाराला लाकडाचा टेकू द्या आणि एक माणूस धरायला ठेवा. मी एकदा एकट्यानेच ही हुशारी केली आणि आठवडाभर खांदा चोळत बसलो. टोकाच्या गोळ्यावरची स्प्रिंगची क्लिप बारीक पेचकसाने किंचित उचलायची, पूर्ण उपटायची नाही. उपटली की ती उडते आणि सापडत नाही. नवा स्ट्रट बसवताना दार बंद असेल तेव्हा दांड्याचं तोंड खाली राहील असं पाहावं, म्हणजे आतलं तेल सीलवर, म्हणजे दांड्याभोवतीच्या गळती रोखणाऱ्या कड्यावर, येऊन थांबतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तरी सील सुकत नाही. बदलायचे तर दाराचे दोन्ही एकदमच बदलावेत.

देखभाल म्हणाल तर दांडा स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसायचा, एवढीच. ग्रीस लावलं की धूळ चिकटते आणि तीच सील कापते. पक्कडीने दांडा धरू नका, रंगकामाच्या वेळी त्यावर कागद गुंडाळा. नखाला लागेल एवढा ओरखडाही गळतीला पुरतो. दांड्याच्या तोंडाशी तेलाचं काळसर कडं दिसलं, की त्या स्ट्रटचे दिवस भरले.

काढलेला जुना स्ट्रट दार उचलत नसला तरी आत बराच दाब शिल्लक असतो. तो कापू नये, भोक पाडू नये आणि भंगाराच्या ढिगात आगीजवळ तर अजिबात टाकू नये.