पोट बिघडलेल्या कुत्र्याला उपाशी ठेवू नका: मऊ भात आणि आतड्यातलं एक भन्नाट प्रोटीन

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या पेट ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "आमच्याकडच्याला कालपासून जुलाब होतायत, काय देऊ?" टेकडीवरच्या डबक्यातलं पाणी पितात, कचऱ्यात तोंड घालतात, घरी पाहुणे आले की प्रत्येक जण काहीतरी भरवतो, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण उत्तरं वाचली की माझा जीव वरखाली होतो. एक उत्तर ठरलेलं, "काही देऊ नका, दोन दिवस कडक उपास, आतडं आपोआप साफ होतं." दुसरं अलीकडे जोरात आहे, "भात तर अजिबात नको, कुत्रा म्हणजे शेवटी लांडगाच, त्याला कार्ब्ज पचत नाहीत, कच्चं मटण द्या." सल्ला देणारे प्राण्यांवर मनापासून जीव लावणारे असतात, पण हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. का ते कळायला आतड्याच्या पेशीत शिरावं लागतं, म्हणून हा लेख.

आधी उपासाचं बघू. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्म उंचवटे असतात, शाळेत आपण त्यांना व्हिलाय म्हणून शिकलो. त्यांच्यावर पेशींचा एकच थर असतो आणि या पेशी जेमतेम तीन-चार दिवस जगतात, तळाशी नवीन तयार होतात, वर सरकत जातात आणि टोकाला पोचल्या की गळून पडतात. एवढं सतत बांधकाम चालू ठेवायचं तर इंधन लागणार, आणि मुद्दा असा आहे की या पेशी सगळं इंधन रक्तातून घेत नाहीत, त्यांच्या समोरून जे अन्न सरकतं त्यातूनही मोठा वाटा उचलतात, विशेषतः ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल. अन्नच आलं नाही तर व्हिलाय बुटके होतात आणि पेशींमधले सांधे सैल पडतात. म्हणजे ज्या भिंतीची डागडुजी व्हायला हवी तिचाच शिधा आपण बंद करतो.

हे नुसतं तर्कानं नाही, तपासून बघितलेलं आहे. २००३ मध्ये पार्व्होनं, म्हणजे आतड्यावर हल्ला करणाऱ्या एका विषाणूनं, गंभीर आजारी असलेल्या ३० पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या पिल्लांना जुन्या पद्धतीप्रमाणे उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवलं, अर्ध्यांना दाखल केल्यावर १२ तासांनीच नाकातून नळी घालून थोडं थोडं पातळ अन्न द्यायला सुरुवात केली. ज्यांना अन्न मिळालं ती लवकर सुधारली आणि त्यांचं वजनही वाढलं. पार्व्होसारख्या आजारात जर हे होतं तर साध्या अपचनात दोन दिवस उपाशी ठेवायला काय आधार उरतो? मोठा धडधाकट कुत्रा सारखा उलट्या करत असेल तर सहा-आठ तास पोटाला विश्रांती देणं ठीक, पाणी थोडं थोडं चालू ठेवून. पण पिल्लाला तेवढंही नाही, त्याच्या रक्तातली साखर फार पटकन खाली येते.

आता भात. इथे येतं ते माझं लाडकं प्रोटीन, त्याचं नाव एसजीएलटी-१.

व्हिलायवरच्या पेशींच्या आतड्याकडच्या पृष्ठभागावर हे प्रोटीन बसलेलं असतं आणि त्याचं काम म्हणजे ग्लुकोज आत घेणं, पण ते ग्लुकोज एकटं घेत नाही. त्याला सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असे तिघं एकत्र लागतात, आपल्याकडच्या शेअर रिक्षासारखं, तीन सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. तिघं बसले की प्रोटीनचा आकार बदलतो, बाहेरचं तोंड मिटतं, आतलं उघडतं आणि तिघं पेशीत उतरतात. ही गाडी चालते कशावर? पेशीच्या दुसऱ्या बाजूला, रक्ताकडच्या, एक पंप रात्रंदिवस चालू असतो, तो दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो, त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं तयार इंधन, जाळतो. त्यामुळे पेशीत सोडियम कायम कमी असतं, शिवाय आतली बाजू विद्युतदृष्ट्या ऋण असते, म्हणून बाहेरचं सोडियम आत यायला अक्षरशः ओढलं जातं आणि त्या ओढीवर ग्लुकोज फुकटात आत येतं, पेशीत आधीच ग्लुकोज जास्त असलं तरीसुद्धा. मग ग्लुकोज दुसऱ्या एका प्रोटीनमधून रक्तात जातं, सोडियम पंपातून पेशींमधल्या फटीत जातं, तिथे क्षारांचं प्रमाण वाढतं आणि परासरणानं, म्हणजे ऑस्मोसिसनं, पाणी आतड्यातून त्यांच्यामागे ओढलं जातं.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पाणी आपल्या आपण शोषलं जात नाही, ते सोडियमच्या मागे जातं, आणि सोडियमला ग्लुकोज सोबत मिळालं की ते झपाट्यानं आत जातं. २० किलोच्या कुत्र्याच्या आतड्यात रोज अडीच लिटरच्या आसपास द्रव येतो, प्यायलेलं पाणी, लाळ, जठररस, पित्त सगळं धरून, आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शोषला जातो. त्यात थोडी जरी गडबड झाली तर त्यालाच आपण जुलाब म्हणतो.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली. आणि १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती, सलाइन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून लोकांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं! कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी बाहेर काढत असतं पण एसजीएलटी-१ ला ते धक्का लावत नाही, हा सगळा खेळ त्यावर आहे. डॉ. महालनोबिस २०२२ मध्ये गेले, पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर, २०२३ मध्ये. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्यावर निदान एक पान असायला हवं असं मला फार वाटतं.

मग सरळ साखरेचं पाणी का नाही द्यायचं? कारण साखर जास्त झाली की उलटं होतं, न शोषलेले साखरेचे असंख्य छोटे रेणू आतड्यातच पाणी धरून ठेवतात आणि जुलाब वाढतात. भाताची खुबी इथे आहे. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एका साखळीत जोडलेले, आणि ऑस्मोसिसमध्ये रेणू किती आहेत ते मोजलं जातं, केवढे आहेत ते नाही, त्यामुळे स्टार्च पाणी फारसं ओढत नाही. स्वादुपिंडातलं अमायलेज साखळीचे तुकडे करतं, शेवटचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावरची एन्झाइम्स तोडतात, म्हणजे ग्लुकोज सुटं होतं ते थेट एसजीएलटी-१ च्या शेजारीच, थोडं थोडं, घेता येईल तेवढंच. पेज पाजणाऱ्या आपल्या आज्यांना यातलं काही माहीत नव्हतं पण त्यांचं निरीक्षण पक्कं होतं.

"पण कुत्रा लांडगा आहे" याचं उत्तर २०१३ मध्येच मिळालंय. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ लांडगे आणि ६० कुत्रे यांचा डीएनए ताडून बघितला. माणसाजवळ राहताना कुत्र्यात जे बदल झाले त्यात स्टार्चशी संबंधित तीन जीन्स ठळकपणे सापडले. अमायलेज बनवणाऱ्या जीनच्या लांडग्यात २ प्रती, कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत! दुसरा जीन पृष्ठभागावर माल्टोज तोडणाऱ्या एन्झाइमचा. आणि तिसरा, मला हे वाचून अंगावर काटा आला होता, एसजीएलटी-१ चाच. म्हणजे स्टार्च तोडण्यापासून ग्लुकोज आत घेण्यापर्यंत अख्ख्या साखळीवर हजारो वर्षं निवड होत आली. हस्कीसारख्या काही जातींत अमायलेजच्या प्रती कमी असतात हे खरं, पण आपल्या इंडीला, म्हणजे देशी कुत्र्याला, किंवा लॅब्रॅडोरला भात पचत नाही हे म्हणणं टिकत नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवा, कुत्र्याच्या लाळेत अमायलेज जवळजवळ नसतं, सगळं काम स्वादुपिंडावर, म्हणून भात अगदी मऊ हवा.

गुरगुट्या भात उत्तम. घरात इंद्रायणी असेल तर अजून छान, चिकट तांदळात अमायलोपेक्टिन हा फांद्या असलेला स्टार्च जास्त असतो आणि फांद्या जास्त म्हणजे एन्झाइमला तोडायला टोकंही जास्त. फ्रिजमधला शिळा भात नको, गार झाल्यावर स्टार्चचा काही भाग पुन्हा स्फटिकासारखा घट्ट होतो आणि एन्झाइमला दाद देत नाही.

भातासोबत प्रोटीन हवंच, ते ग्लुटामिन त्यातूनच येणार. कातडी आणि हाडं काढलेलं साधं उकडलेलं चिकन, किंवा घरात चिकन शिजत नसेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. १० किलोच्या कुत्र्याला नुसतं बसून राहायला दिवसाला साधारण ४०० किलोकॅलरी लागतात, ७० ग्रॅम तांदूळ शिजवून आणि त्यात ८० ग्रॅम उकडलेलं चिकन घालून तेवढ्या मिळतात. पहिल्या दिवशी याचा तिसरा हिस्सा, तोही पाच-सहा वेळा विभागून, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी पूर्ण. चमचाभर उकडलेला लाल भोपळा घातला तर मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातल्या तंतूपासून ब्युटिरेट नावाचं द्रव्य बनवतात आणि तिथल्या पेशींचं मुख्य इंधन तेच आहे. ओआरएस द्यायचं तर मेडिकलमधली एक लिटरची साधी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्यानं, पण किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला व्हेटला विचारूनच.

तूप, तेल, फोडणी काही नको. न पचलेल्या चरबीवर मोठ्या आतड्यातले जिवाणू प्रक्रिया करतात आणि त्यातून तयार झालेली द्रव्यं आतड्याला अजून पाणी सोडायला लावतात. म्हणूनच शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की साडेसाती उतरते या समजुतीचा मला मनापासून राग येतो, त्याला काडीचा आधार नाही आणि पोट बिघडतं ते त्या मुक्या जिवाचं. दूधही नको, पृष्ठभागाच्या पेशी गळल्या की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज सगळ्यात आधी जातं. कांदा-लसूण तर कधीच नाही, त्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. आणि माणसांच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, चुकूनही नाही.

हे सगळं त्या कुत्र्यासाठी जो जुलाब होऊनही शेपूट हलवतोय, पाणी पितोय. शीमध्ये रक्त दिसलं, शी डांबरासारखी काळी झाली, उलट्या थांबेनात, हिरड्या कोरड्या किंवा फिक्या पडल्या, कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच खाली बसत नाही, तर घरात प्रयोग न करता थेट व्हेटकडे. लस न झालेलं पिल्लू असेल तर एक रात्रही थांबू नका, पार्व्होचा विषाणू व्हिलायच्या तळाशी जिथे नवीन पेशी तयार होतात तिथेच हल्ला करतो, एसजीएलटी-१ बसवायला पेशीच उरत नाहीत, तिथे पेज पुरत नाही, सलाइनच लागतं.

शी घट्ट झाली की लगेच पूर्वीच्या खाण्यावर उडी नको. आधी तीन भाग भात-चिकन आणि एक भाग रोजचं खाणं, मग अर्धं-अर्धं, मग एकास तीन, असं चार-पाच दिवसांत. पण महिनोन् महिने भात-चिकनवरही ठेवू नका, त्यात कॅल्शियम फारच कमी असतं. आणि नेहमीचं खाणं सुरू केलं की दर वेळी पुन्हा पातळ होत असेल तर ताज्या शीचा नमुना डबीत घालून तपासायला द्या, बऱ्याचदा जंत किंवा जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी निघतो आणि त्याला औषधच लागतं.