सेफ्टी रेझर आणि दाढीचं सामान

सेफ्टी रेझर म्हणजे पातळ पोलादी पत्ती, वर टोपी, खाली आडपट्टी आणि धरायला दांडा, एवढ्या चार गोष्टींचं दाढीचं हत्यार. धार टोपी आणि आडपट्टीच्या मधून जेमतेम बाहेर डोकावते त्यामुळे वस्तऱ्यासारखा खोल काप बसत नाही, बारीक टोचे बसतात ते ज्याचे त्याला ठाऊक. इंदूरकडच्या मराठी घरांत ब्लेडला पत्ती आणि तुरटीला फिटकरी सर्रास म्हणतात, आजूबाजूला हिंदी आहे त्यामुळे, म्हणून इथेही पत्तीच म्हटलंय.

शोध कोणाचा यावर बरीच ओढाताण आहे, आणि ती बहुतेक तीन वेगळे प्रश्न एकात कालवल्यामुळे आहे. आडपट्टी कोणी लावली, पत्ती दांड्याला आडवी कोणी बसवली, आणि वापरून फेकायची पत्ती कोणी आणली. पहिल्याचं श्रेय जाँ-जाक पेरे या फ्रेंच कारागिराला देतात. सुताराच्या रंध्यात पातं जसं लाकडात बसलेलं असतं तशी त्याने वस्तऱ्याला लाकडी आड लावली. बऱ्याच ठिकाणी 1762 हे साल छापलेलं दिसतं पण स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावरचं त्याचं पुस्तक 1769-70 च्या सुमाराचं आहे, तेव्हा 1760 चं दशक एवढंच धरलेलं बरं. दुसऱ्याचं विल्यम हेन्सन या इंग्रजाला, 1847 चं पेटंट, त्यात पातं दांड्याला कुदळीसारखं काटकोनात. हाच हेन्सन 1840 च्या दशकात वाफेच्या विमानाचं पेटंटही घेऊन बसला होता (ते विमान काही उडलं नाही, रेझरची मांडणी मात्र टिकली). मग अमेरिकेतले काम्फे बंधू, 1880 चं पेटंट. 'सेफ्टी रेझर' हे नाव पहिल्यांदा त्यातच येतं असं सहसा मानतात. त्यांचं पातं मात्र जाड होतं, काढून परत परत पाजवायला लागायचं, म्हणजे वस्तऱ्याची कटकट होती तशीच.

तिसरा प्रश्न फेकायच्या पत्तीचा. किंग जिलेट या अमेरिकी माणसाने 1901 मध्ये अर्ज केला आणि 1904 मध्ये त्याला पेटंट मिळालं. लोक त्यालाच जनक म्हणतात पण रेझर त्याच्याआधी होताच, त्याचं खरं म्हणजे दोन्ही बाजूंनी धार असलेली स्वस्त पत्ती, आणि तीसुद्धा विल्यम निकरसन या इंजिनिअरने कागदासारखं पातळ पोलाद वेडंवाकडं न होता कडक करायची रीत बसवली म्हणून विकता आली. कल्पना जिलेटची, पत्ती निकरसनची, असं म्हणणं जास्त न्यायाचं. 1903 मध्ये 51 रेझर आणि 168 पत्त्या खपल्या आणि पुढच्याच वर्षी रेझर 90 हजारांवर गेले, हे आकडे सगळीकडे देतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना रेझर वाटले गेले आणि रोज घरी दाढी करायची सवय तिथून पक्की झाली.

सुरुवातीच्या पत्तीला तीन भोकं होती. मधली लांब खाच 1930 च्या आसपास आली, जिलेट आणि प्रतिस्पर्धी गेसमनची कंपनी यांचं पेटंटचं भांडण विलीनीकरणात मिटलं त्या वेळी. आजही कुठल्याही कंपनीची दोन धारांची पत्ती तसल्या कुठल्याही रेझरमध्ये बसते ती त्यामुळेच, सगळ्यांनी तोच आकार धरला. साधारण 22 मिलिमीटर रुंद आणि 0.1 मिलिमीटर जाड. स्टेनलेस पत्ती 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन या इंग्लिश कंपनीमुळे गाजली, त्याआधीची कार्बन पोलादाची ओली राहिली की गंजायची.

रेझर निवडताना लोक वजन आणि चकाकी बघतात, बघायचं असतं ते डोकं. पत्ती आणि आडपट्टीतलं अंतर, आणि टोपी व आडपट्टीला टेकणाऱ्या सरळ रेषेच्या पुढे धार किती येते, या दोन मापांवर रेझर मऊ की आक्रमक ते ठरतं. अंतर 0.6-0.7 मिलिमीटरच्या आसपास असेल तर नवख्याला चालतं, 1 च्या पुढे गेलं की हात बसलेला पाहिजे. पण नुसतं अंतर फसवतं. धार आत दबलेली असेल तर मोठ्या अंतराचा रेझरही मवाळ निघतो, तसंच दातेरी आडपट्टी म्हणजे आक्रमक हाही गैरसमजच. तीन तुकड्यांचा धुवायला सोपा आणि बिघडायला त्यात काही नाही, दांडा पिळला की दरवाज्यासारखा उघडणारा दिसायला छान पण आत साबण साचतो. स्वस्त डोकी बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची, वरचा क्रोमचा मुलामा गेला की आतून कुजतात आणि आटे तुटतात. पितळ किंवा स्टेनलेस महाग पण मुलं वापरतील.

पत्ती ज्याची त्याने आजमावायची, टोपाझ चालणाऱ्याला सेव्हन ओ'क्लॉक बोचते आणि उलटही. म्हणून आधी पाच-सहा प्रकारची एकेक पाकिटं घ्यावीत, शेकड्याने नंतर. इंदूरला मिळण्याची अडचण नाही कारण सलूनवाले हीच पत्ती मधून मोडून अर्धी वस्तऱ्यात घालतात, त्यामुळे गल्लीतल्या जनरल स्टोअरपासून सियागंजच्या होलसेलपर्यंत ती असतेच.

ब्रशमध्ये बिज्जूचे (बॅजरचे) केस, डुकराचे केस आणि सिंथेटिक असे प्रकार. बिज्जूची प्रतवारी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने करते, तिला धरबंध नाही. शाकाहारी घरांत आता सिंथेटिकच येतो, भिजवायला लागत नाही आणि लवकर वाळतो. साबणाचंही तेच, काही जुन्या बाहेरदेशी साबणांत चरबी असते तेव्हा डबीवरचा हिरवा ठिपका बघावा.

फेसाचा प्रश्न साबणापेक्षा पाण्याचा जास्त. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका बनतो आणि फेस मरतो. शहरात जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याला फेस धरतो, बोअरच्याला दुप्पट साबण लागतो, नळाला एक दिवसाआड पाणी आलं की दाढीचं तांब्याभर वेगळं भरून ठेवणारे लोक आहेत आणि ते बरोबरच करतात. आधी सुलट हात, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने, मग परत फेस लावून आडवा, उलट हात कातडी मानवली तरच. शेवटी फिटकरी ओल्या चेहऱ्यावर, बारीक रक्त लगेच थांबतं, आणि जिथे जास्त झोंबेल तिथे दाब जास्त पडलाय.

जुन्या पत्त्या एका डब्यात साठवून डबा भरला की तोंड चिकटवून कचऱ्याच्या गाडीत घातक कचऱ्याच्या खणात टाकायचा, सुक्यात नाही, तिथे माणसं हाताने निवडतात.