क्षेपणास्त्राच्या सरावात खरी तयारी लक्ष्याची

युद्धनौकेवरून क्षेपणास्त्र सुटतं आणि काही सेकंदांत सगळं आटोपतं. जिकिरीचं काम त्याआधीचं, शत्रूचं सोंग वठवेल असं लक्ष्य उभं करण्याचं.

डीआरडीओच्या बंगळुरूमधल्या प्रयोगशाळेने यासाठी ‘लक्ष्य’ आणि नंतर ‘अभ्यास’ ही वैमानिकरहित विमानं बनवली. ‘अभ्यास’ चणीने लहान, त्यामुळे रडारवर फिकं दिसणार. म्हणून त्याच्या नाकात लुनेबर्ग भिंग बसवतात. या गोलाचा अपवर्तनांक थराथराने बदलतो. आलेली रडारलहर मागच्या परावर्तक पृष्ठभागावर एकवटते आणि आल्या वाटेनेच परत फिरते. प्रतिध्वनी एवढा वाढतो की छोटं यान मोठ्या विमानासारखं दिसतं. क्षेपणास्त्र किती अंतरावरून गेलं हे मोजणारं उपकरणही यानातच असतं. ते हवंच, कारण सरावाच्या क्षेपणास्त्रात बऱ्याचदा स्फोटकाच्या जागी दूरमापन यंत्रणा (उड्डाणातल्या नोंदी रेडिओने पाठवणारी) असते आणि थेट टक्कर झाली नाही तरी नेम अचूक ठरू शकतो.

सगळ्यात अवघड लक्ष्य लाटांना लगटून येणारं. रडार 25 मीटर उंचीवर आणि लक्ष्य पाण्यापासून 5 मीटरवर असेल, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ते सुमारे 30 किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. सेकंदाला 250 मीटर वेग धरला तर हाती उरतात दोन मिनिटं. त्यातच ओळख, निर्णय आणि मारा. शिवाय समुद्रपृष्ठावरून परावर्तित लहरींमुळे पाण्याखाली लक्ष्याची दुसरी, खोटी प्रतिमा उमटते आणि रडारचा उंचीचा अंदाज वरखाली होतो. शांत समुद्रात हा त्रास जास्त, कारण सपाट पाणी आरशासारखं वागतं.

जहाजविरोधी सरावात धोका वेगळा असतो. क्षेपणास्त्राचं स्वतःचं रडार समोरच्या प्रतिध्वनींतून एक निवडतं. लक्ष्य म्हणून ठेवलेला तराफा कोणता आणि खरं जहाज कोणतं, हे त्याला सांगता येईलच असं नाही. 10 मे 2020 रोजी ओमानच्या आखातात इराणची ‘कोनारक’ ही नौका लक्ष्य नेऊन ठेवल्यावर पुरेशी दूर गेली नव्हती. आपल्याच नौदलाचं क्षेपणास्त्र तिच्यावर आदळलं आणि 19 नौसैनिक मेले. म्हणूनच डागण्याआधी क्षेत्र मोकळं असल्याची खातरजमा करतात: आधी नौकानयन इशारे, मग हेलिकॉप्टरने पाहणी. आपल्या किनाऱ्यावर एखादा ट्रॉलर आत शिरला तरी डागणी थांबवावी लागते.

डागणी नसली तरी जोखीम असतेच. नोव्हेंबर 2013 मध्ये कॅलिफोर्नियाजवळ अमेरिकेची ‘चान्सलर्सव्हिल’ ही युद्धनौका रडारने फक्त माग काढण्याची चाचणी घेत होती. बीक्यूएम-74 हे लक्ष्ययान ऐनवेळी वळायला हवं होतं. ते वळलं नाही, थेट नौकेत घुसलं. दोघं भाजले.