हैतीतली ती ३३ मुलं अनाथ नव्हती

ख्रिस्ती मिशनच्या सेवासहलीला परदेशी निघालेल्यांच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो: रस्त्यावरची आणि अनाथाश्रमातली मुलं म्हणजे जगात कुणीच नसलेली. तो खरा नाही.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. महिना संपायच्या आत अमेरिकेतल्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या दहा स्वयंसेवकांना ३३ मुलं शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना सीमेवर अडवलं गेलं. मुलं अनाथ आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातलीच एक लहान मुलगी रडत सांगत होती, माझे आईबाबा आहेत! चौकशीत सगळ्यांचेच आई किंवा वडील हयात निघाले. शाळा मिळेल, चांगलं राहायला मिळेल, या भरवशावर त्यांनीच पोरं सोपवली होती. भूकंपानं होत्याचं नव्हतं केलेल्या माणसांना दोष तरी कसा द्यायचा?

कंबोडियातही तेच. तिथल्या आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांचे आई किंवा वडील जिवंत असल्याचं आढळलं. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून आश्रम वाढतात आणि ते भरायला गरिबांची मुलं आणली जातात. शिवाय दर पंधरवड्याला नवा ताई-दादा लळा लावून निघून गेला की मुलांचे हाल होतात ते वेगळेच. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेचे धोके नोंदवले.

सेवेची तळमळ खरीच असते. पण सहलीच्या तिकिटाचे पैसे मुलाच्याच कुटुंबाच्या घरभाड्याला, शाळेच्या फीला, तिथल्या स्थानिक कार्यकर्त्याच्या पगाराला दिले, तर मूल आईजवळच राहतं.