खटला जिंकला म्हणजे डॉक्टरची नोंदणी गेली?

वर्षानुवर्षे फिरणारा एक मेसेज सांगतो: ग्राहक आयोगात डॉक्टरविरुद्ध निकाल लागला की त्याचा परवाना आपोआप रद्द होतो.

तसं होत नाही. असं वाटणं मात्र स्वाभाविक आहे, कारण निष्काळजीपणा सिद्ध झाला तर पुढचं ओघानेच येईल असं कुणालाही वाटेल. पण या वाटा वेगळ्या आहेत. ग्राहक आयोग भरपाई देतो. फौजदारी न्यायालय शिक्षा देतं. नोंदणीचा, म्हणजेच परवान्याचा, निर्णय मात्र डॉक्टरांची नोंदवही ठेवणाऱ्या राज्याच्या वैद्यकीय परिषदेचा. तिच्याकडे स्वतंत्र तक्रार करावी लागते, आणि परिषद भरपाई देत नाही.

परिषदेतही थेट नाव कापलं जात नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारनियमांनुसार डॉक्टरला स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडू द्यावी लागते. दोषी ठरल्यास ठरावीक काळासाठी किंवा कायमचं नाव नोंदवहीतून काढता येतं. निर्णयाची मुदत सहा महिने. प्रत्यक्षात ती पाळली जाईलच असं धरून चालू नये. तक्रारीआधी उपचारांची कागदपत्रं मागून घ्या. मागणी केल्यापासून ७२ तासांत ती देणं याच नियमांनी बंधनकारक केलं आहे.

पडताळणी सोपी आहे. आयोगाच्या निकालपत्रातला शेवटचा आदेश वाचा. तिथे रक्कम, व्याज, खर्च असं दिसेल, नोंदणी रद्द केल्याचं नाही. मग डॉक्टरच्या औषधांच्या चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक (तो छापणं सक्तीचं आहे) परिषदेच्या नोंदवहीशी ताडून पाहा.