अळूला जमतं, मनीप्लांटला नाही

आमच्या न्हाणीमागे सांडपाण्यावर अळू माजलेलं असतं. त्याची पानं कुणी पुसत नाही, तरी ती नेहमी स्वच्छ. अळवावरचं पाणी ठरत नाही हे आपण म्हणतो खरं, पण त्यात अळूचा मोठा फायदा आहे. पानावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे बारीक कण. थेंब त्या टोकांवरच टेकतो, खाली हवा राहते. मग घरंगळताना तो धूळ आणि बुरशीचे बीजाणूही सोबत नेतो. कमळाच्या पानावरची हीच करामत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली सविस्तर मांडली.

पडवीतल्या मनीप्लांटकडे हे कसब नाही. तो मूळचा प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटावरचा. तिथे त्याला पाऊस धुतो. आपण त्याला छपराखाली आणून ठेवलाय, म्हणजे धुण्याचं काम आपल्याकडे आलं.

कोकणात हे काम थोडं निराळं आहे. दिवाळीनंतर जांभ्याची तांबडी धूळ उडू लागते आणि दुपारचा खारा वारा मिठाचे कण आणतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं. पानावर त्याचा ओलसर थर बसतो, त्यात धूळ चिकटते. हरितद्रव्यापर्यंत उजेड कमी पोचतो. शिवाय मीठ पानातलंही पाणी खेचतं, म्हणून कडा करपतात.

अशा पानावर कोरडं फडकं कधीच फिरवू नका. धुळीतले कण मेणाचा पातळ थर खरवडतात. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या; मग पानाखाली तळहात धरून जुन्या सुती साडीच्या ओल्या तुकड्याने हलकेच पुसा. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ होतं, ते यासाठी नको. पानओव्यासारखी लवदार पानं पुसू नयेत, मऊ ब्रशने झटकावीत.

खोबरेल तेलाचा हात फिरवायची सवय मात्र मला खरोखर खुपते. पान दिवसभर चकाकतं, मग त्याच तेलावर दुप्पट धूळ बसते. मागच्या बाजूला लागलं तर आणखी वाईट, कारण बहुतेक झाडांची श्वासाची छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, तिथेच जास्त असतात.

मागची बाजू पुसताना नीट बघाही. पिठ्या ढेकूण तिथेच लपतो. तो रस शोषून गोड चिकटा सोडतो, त्यावर काळी बुरशी वाढते. आंब्यावर तुडतुड्यांनी पानं काळी पडलेली पाहिली असतील, त्यांना हे ओळखीचं वाटेल. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर आधी पान उलटून पाहावं.

पावसाळ्यात धुळीचा प्रश्न मिटतो. तेव्हा कुंड्या जरा लांब लांब ठेवाव्यात, वारा खेळता राहिला की पानं लवकर सुकतात. त्या दिवसांत सकाळी मनीप्लांटच्या पानाच्या टोकाला एक थेंब लोंबताना दिसतो. ते दव नव्हे. मुळं रात्रभर पाणी वर चढवतात, दमट हवेत त्याची वाफ होत नाही, म्हणून ते पानाच्या टोकाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर येतं. तो थेंब दिसला की त्या दिवशी कुंडीत पाणी घालू नये.