विंचेस्टर कॉलेज

विंचेस्टर कॉलेज ही दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील विंचेस्टर शहरात, कॅथीड्रलच्या दक्षिणेला, इचिन नदीच्या काठी असलेली निवासी शाळा. नावात ‘कॉलेज’ असले तरी इथे तेरा ते अठरा वर्षांची मुले शिकतात. आणि इंग्लंडात तिला ‘पब्लिक स्कूल’ म्हणत असले तरी ती सरकारी नव्हे, जबर फी आकारणारी खासगी शाळा आहे. या दोन शब्दांपाशी मराठी वाचकाची हटकून फसगत होते. १८६८ च्या पब्लिक स्कूल्स कायद्यात ज्या सात शाळा आल्या त्यांपैकी ही एक. ईटन, हॅरो, रग्बी, श्रूजबरी, वेस्टमिन्स्टर आणि चार्टरहाउस या उरलेल्या सहा.

विल्यम ऑफ विकम हा साध्या घरात जन्मलेला माणूस विंचेस्टरचा बिशप आणि राजाचा चान्सलर झाला. १३४८-४९ च्या प्लेगने शिकलेले धर्मगुरू फार कमी उरले होते. विकमने १३७९ मध्ये ऑक्सफर्डला न्यू कॉलेज काढले. पण तिथे येणाऱ्या मुलांना लॅटिन आधीच यायला हवे, म्हणून त्यांना तयार करणारी शाळाही हवी. तिची सनद २० ऑक्टोबर १३८२ ची. बांधकाम १३८७ मध्ये सुरू झाले आणि १३९४ मध्ये मुले राहायला आली. संस्थेचा ताळेबंद असा : एक वॉर्डन (संस्थेचा प्रमुख), दहा फेलो (कारभारी सदस्य), तीन चॅप्लेन (प्रार्थना चालवणारे धर्मगुरू), एक मुख्य शिक्षक, एक दुय्यम शिक्षक, सत्तर विद्यार्थी आणि प्रार्थनेत गाणारी सोळा मुले. शाळा आणि वरचे कॉलेज अशी ही जोडी सहाव्या हेन्रीला इतकी पटली की १४४० मध्ये त्याने ईटन काढले, तेव्हा सत्तर हा आकडाही उचलला आणि विंचेस्टरचा मुख्य शिक्षक विल्यम वेनफ्लीट यालाही.

विकमची नियमावली बारीकसारीक आहे. मुलगा आठ ते बारा वर्षांचा, गरीब आणि गरजू असावा, त्याला लॅटिन व्याकरणाची आणि प्रार्थनागायनाची तोंडओळख असावी, आणि त्याचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला पाच मार्कांहून (सव्वातीन पौंडांहून थोडे जास्त) अधिक नसावे. मात्र याच नियमावलीत दोन फटी राहिल्या. पहिली, संस्थापकाच्या नातलगांना अग्रक्रम. दुसरी, श्रीमंत घरची दहा मुले पैसे देऊन सोबत शिकू शकतात ही सवलत. पुढची साडेचारशे वर्षे या फटी रुंदावतच गेल्या. जागा वशिल्याने भरू लागल्या आणि ‘इलेक्शन’ नावाची प्रवेशपरीक्षा उपचार होऊन बसली. परीक्षक विचारी, ‘गाता येते का?’ मुलगा ‘हो’ म्हणे आणि बायबलमधल्या शंभराव्या स्तोत्राची पहिली ओळ न गाता नुसती म्हणून दाखवी. गायनाची अट पूर्ण! संस्थापकाच्या वंशजांची डोकी जाड असतात, त्यांवर लाकडी ताटली आपटून फोडता येते, अशी टवाळी इतर मुले करीत. (ही ताटली चौकोनी, पाटासारखी सपाट, भोजनगृहात तिच्यावरच जेवण वाढले जाई.) एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वंशजांचा हक्क रद्द झाला आणि सत्तर जागांसाठी खरी चुरशीची परीक्षा सुरू झाली.

हे सत्तर विद्यार्थी म्हणजे ‘स्कॉलर’. ते काळा झगा घालतात आणि चेंबर कोर्ट या मूळ चौकाभोवतीच्या चौदाव्या शतकातील इमारतींत राहतात. बाकीचे ‘कॉमनर’. त्यांची दहा घरे आहेत, प्रत्येकात साधारण साठ मुले. घरांना ए ते के अशी अक्षरे आहेत, मधले जे गाळलेले. प्रत्येक घराला दोन नावे : एक अधिकृत, एक बोलण्यातले. कागदावर ‘टर्नर्स’ असलेले घर मुलांच्या तोंडी ‘हॉपर्स’ असते, ‘फिअरन्स’चे ‘केनीज’ होते. नवख्या पालकाला पत्त्यावरून घर सापडते आणि बोलण्यात हरवते.

अशा खास शब्दांना आणि रिवाजांना शाळेत ‘नोशन्स’ म्हणतात. शाळेतला प्रत्येक मुलगा, तेरा वर्षांचा का असेना, ‘मॅन’ आणि शिक्षक ‘डॉन’. वर्गाला ‘डिव’ म्हणतात. याच नावाचा एक तास असतो, ज्यात इतिहास, साहित्य, विचार असे काहीही शिकवले जाते आणि त्याची कुठलीही बाहेरची परीक्षा नसते. शाळेचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य झग्यांपेक्षा या तासात आहे. अभ्यासाची जागा म्हणजे ‘टॉइज’ : लाकडी कप्पा, त्यात बाक, मेज, वर फळ्या आणि कपाट. असे कप्पे मोठ्या दालनात भिंतींना लागून ओळीने असतात आणि संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळेला ‘टॉइटाइम’ म्हणतात. सत्रांची नावे शॉर्ट हाफ (शरद), कॉमन टाइम (वसंतापूर्वीचे) आणि क्लॉइस्टर टाइम (उन्हाळी). पूर्वी उन्हाळ्यात वर्ग क्लॉइस्टरच्या ओवऱ्यांत भरत, म्हणून शेवटचे नाव.

नव्या मुलाने हे सारे पहिल्या काही आठवड्यांत पाठ करायचे आणि मोठ्या मुलांपुढे त्याची परीक्षा द्यायची, असा रिवाज होता. नवख्याची फजिती करायचा जुना डाव असा : ‘पेम्पे मोरोन प्रोतेरोन’ नावाचे पुस्तक आण म्हणून त्याला पाठवायचे. तो ज्याच्याकडे जाई तो त्याला पुढच्याकडे धाडी. बिचाऱ्याला ग्रीक येत असते तर कळले असते, की त्या शीर्षकाचा अर्थच ‘या मूर्खाला पुढे पाठव’ असा आहे.

सगळ्याच गोष्टी अशा निरुपद्रवी नव्हत्या. १६८३ ते १६८७ या काळात बांधलेल्या ‘स्कूल’ नावाच्या दालनाच्या भिंतीवर लॅटिन ओळ आहे : शिक, नाहीतर चालता हो, तिसरा पर्याय उरतो तो माराचा. तिच्यासोबत बिशपचा मुकुट, तलवार आणि छडी अशी चित्रे आहेत. शिक्षकांची छडी म्हणजे लाकडी मुठीत बसवलेल्या सफरचंदाच्या चार डहाळ्या. प्रीफेक्ट, म्हणजे अधिकार मिळालेली मोठी मुले, ॲश झाडाच्या काठीने मारत. त्याला ‘टंडिंग’ म्हणत. १८७२ मध्ये नोशन्सच्या परीक्षेला यायला नकार देणाऱ्या मुलाला तीस फटके बसले. प्रकरण लंडनच्या वर्तमानपत्रांत गाजले. मुख्य शिक्षक जॉर्ज रिडिंग यांनी आधी प्रीफेक्टची बाजू घेतली, हे त्यांच्या एरवीच्या मोठ्या कामाला लागलेले गालबोट. मुलांनीही बंडे केली : १७९३ मध्ये स्कॉलरांनी किल्ल्या हिसकावून फाटके आतून बंद केली आणि फ्रेंच क्रांतीची लाल टोपी वर फडकावली, १८१८ चे बंड मोडायला संगिनी लावलेले सैनिक आले.

भोजनगृहाच्या स्वयंपाकघराजवळ ‘विश्वासू सेवक’ नावाचे विलक्षण चित्र आहे. डुकराचे तोंड, कारण अन्नाची तक्रार नाही; त्याला कुलूप, म्हणजे गुपित फुटणार नाही; गाढवाचे कान सहनशीलतेचे, हरणाचे पाय चपळाईचे, एका हातात कामाची अवजारे, दुसरा प्रामाणिकपणे उघडा. मूळ चित्र सोळाव्या शतकातले; आज दिसते ते १८०९ मध्ये पुन्हा रंगवलेले. शाळेचे ब्रीद ‘मॅनर्स मेकिथ मॅन’, म्हणजे माणूस घडतो तो वागणुकीने. लॅटिनच्या या बालेकिल्ल्याचे ब्रीद इंग्रजीत आहे, हे विशेष.

शाळेचा स्वतःचा फुटबॉल दुसरीकडे कुठेच खेळला जात नाही. लांबट, अरुंद मैदान. दोन्ही बाजूंना उंच जाळी (पूर्वी कॅनव्हासचे कापड, त्याहीआधी चेंडू अडवायला लहान मुलांची रांग). जाळीच्या आत साधारण यार्डभर अंतरावर खांबांना ताणलेला जाड दोर. गोलचे खांब नाहीत, शेवटची पूर्ण रेघ हाच गोल. स्क्रमला, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना भिडून रेटतात त्या घोळक्याला, ‘हॉट’ म्हणतात. पायात घोळवत चेंडू पुढे न्यायला मनाई आहे, सापडला की एकदाच आणि जोरात लाथाडायचा. सॉकरची सवय लागलेला नवा खेळाडू नेमका इथेच चुकतो. आपल्या गड्याने पुढे मारलेल्या चेंडूला त्याच्यापुढे उभ्या असलेल्यांनी शिवायचे नाही. चेंडू दोर आणि जाळी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत अडकला की खरी झोंबाझोंबी लागते. सामने सहा-सहा आणि पंधरा-पंधरा जणांचे होतात.

वर्षातून एकदा पहाटे सगळी शाळा जवळच्या सेंट कॅथरीन टेकडीवर चढते आणि माथ्यावर हजेरी होते. शॉर्ट हाफच्या अखेरीस मीड्स या क्रीडांगणाच्या मध्ययुगीन भिंतीतील कोनाड्यांत मेणबत्त्या लावतात. त्याला ‘इल्युमिना’ म्हणतात. आपल्याकडची दीपमाळ आठवावी असे ते दृश्य. २०२२ पासून वरच्या दोन वर्षांत मुलींनाही प्रवेश मिळू लागला.

भारताशी शाळेचे धागे बरेच आहेत. व्हाइसरॉय चेम्सफर्ड आणि वेव्हेल इथलेच. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे गणिती हार्डी इथले स्कॉलर. ऋषी सुनक इथे हेड बॉय होते. क्रिकेटचा धागा थेट मुंबईपर्यंत जातो. मलबार हिलवर जन्मलेल्या डग्लस जार्डिनने १९१९ च्या हंगामात शाळेसाठी ९९७ धावा केल्या. १९५९ मध्ये तो विक्रम १,०६८ धावा करून मोडला शाळेचा कप्तान मन्सूर अली खान पतौडीने.